कोणी निवडलं आणि कधी निवडलं? अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलच्या वार्षिक पुरस्कारांविषयी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या जिल्ह्यातल्या मुलींच्या शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत यंदापासून 'सर्वोत्कृष्ट खेळाडू'चा करंडक ठेवायचाय. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना असे पुरस्कार कसे देतात ते तुम्ही शोधायला गेलात, तर एकाच वर्षात तीन-चार वेगवेगळ्या 'सर्वोत्तम' सापडल्या. त्यात 2023 साली ओक्लाहोमा विद्यापीठ 61 सामने जिंकून एकच हरलं, आणि तरी मुख्य पुरस्कार क्लेम्सन विद्यापीठाच्या मुलीला गेला, हे तुम्हाला पटेना. तर खरा पुरस्कार कोणता, निवडतं कोण, आणि यातलं आपल्याकडे घेण्यासारखं काय?

मी अमरावतीकडची. विद्यापीठाच्या संघात कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी) होते, आणि अमेरिकेत आल्यापासून कॉलेज सामन्यांचं स्कोअरिंग करते. मला मतदानाचा अधिकार नाही. पण मत देणारे ज्या आकड्यांकडे बघून मत देतात, ते आकडे माझ्यासारखी माणसं लिहितात. त्यामुळे समारंभापेक्षा त्याच्या मागचं जास्त दिसतं.

'खरा पुरस्कार कोणता' हा प्रश्न सोडून द्या. प्रत्येक पुरस्काराला दोन प्रश्न विचारायचे: मत कोणी दिलं, आणि मतदान कधी बंद झालं. ही दोन उत्तरं हातात आली की वेगवेगळी नावं का येतात त्याचा निम्म्याहून जास्त उलगडा होतो.

वर्तमानपत्रं ज्याला सगळ्यात मानाचा म्हणतात तो बहुधा यूएसए सॉफ्टबॉल या राष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार असतो: वर्षातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तो 2002 पासून दिला जातो. पहिली मानकरी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची कॅचर स्टेसी न्यूव्हमन. मुळात कॅचर असलेल्या कुणाला तो त्यानंतर मिळालेला नाही, आणि याबद्दल माझी थोडी तक्रार आहे, पण ते पुढे येईल. निवडीची पद्धत शिडीसारखी आहे. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, त्याच्या आसपास 50 जणींची यादी निघते. मग 25, मग 10, मग तिघी, आणि शेवटी एक नाव. पहिल्या यादीत नसलेली मुलगीसुद्धा 25 च्या यादीपर्यंत खेळाच्या जोरावर आत येऊ शकते, म्हणून फेब्रुवारीतल्या यादीत आपली आवडती दिसली नाही म्हणून रडारड करणाऱ्यांना मी शांत राहायला सांगते. मत देणाऱ्यांत वेगवेगळ्या विभागांतल्या प्रथम श्रेणीच्या (डिव्हिजन वन) कॉलेजांचे प्रशिक्षक असतात, पत्रकार असतात आणि आधीच्या विजेत्या खेळाडूही असतात.

आता तारीख. विजेतीचं नाव जाहीर होतं ते विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम स्पर्धेच्या तोंडावर. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस आठ संघ ओक्लाहोमा सिटीला जमतात, स्टेडियम भरतं, टीव्हीवर देश बघत असतो, आणि त्या आठवड्यात जे काही घडतं ते या पुरस्काराच्या हिशोबात धरलंच जात नाही. हा नियमित हंगामाचा आणि प्ले-ऑफच्या सुरुवातीच्या फेऱ्यांचा पुरस्कार आहे. वर्ल्ड सिरीजचा पुरस्कार वेगळा: स्पर्धेतली सर्वात उठावदार कामगिरी करणारी खेळाडू. तो फक्त त्या काही दिवसांच्या खेळावर ठरतो. आधीची तीन महिन्यांची मेहनत तिथे शून्य.

2007 साल बघा, म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. त्या वर्षी टेनेसीची मोनिका अ‍ॅबट, सहा फूट तीन इंच उंचीची डावखुरी पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी), हिनं एका हंगामात 724 स्ट्राइकआउट केले, म्हणजे तितक्या वेळा फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केलं. कारकिर्दीचे मिळून 2,440. प्रथम श्रेणीचा हा विक्रम आजही तिच्या नावावर आहे. यूएसए सॉफ्टबॉलचा पुरस्कार तिला मिळाला, आणि त्यावर कुणी वाद घातल्याचं मी ऐकलेलं नाही. मग अंतिम मालिकेत टेनेसीसमोर अ‍ॅरिझोना आली. पहिला सामना टेनेसीनं 3-0 जिंकला. दुसरा अ‍ॅरिझोनानं दहाव्या इनिंगला (सामना एरवी सात इनिंगचा) 1-0 असा काढला. तिसरा 5-0. अ‍ॅरिझोनाची पिचर होती टॅरिन मोवॅट. तिनं वर्ल्ड सिरीजमधल्या आपल्या संघाच्या सगळ्याच्या सगळ्या 60 इनिंग एकटीनं टाकल्या, हजाराहून जास्त चेंडू. स्पर्धेचा पुरस्कार अर्थातच तिचा. पुढच्याच महिन्यात ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या 'एस्पी' पुरस्कारांत, जिथे चाहते ऑनलाइन मत देतात, वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणूनही मोवॅटच निवडली गेली. म्हणजे नुसती सॉफ्टबॉलमधली नव्हे, सगळ्या खेळांतली.

आता सांगा, 2007 ची सर्वोत्तम कोण? प्रशिक्षक-पत्रकारांनी मे अखेरपर्यंतचा खेळ बघून अ‍ॅबट म्हटलं. अंतिम मालिका बघणाऱ्यांनी मोवॅट म्हटलं. कुणीच चुकलं नाही. दोन वेगळ्या कालखंडांबद्दलच्या दोन प्रश्नांची ती उत्तरं आहेत.

दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी एकाच मुलीकडे जाणं दुर्मिळ आहे. 2009 ला वॉशिंग्टनची डॅनिएल लॉरी, 2013 ला ओक्लाहोमाची केलानी रिकेट्स, 2015 ला फ्लोरिडाची लॉरेन हेगर, 2019 ला यूसीएलएची रेचल गार्सिया आणि 2022 ला ओक्लाहोमाची जोसलिन आलो. यातली लॉरी कॅनडाची, ऑलिंपिकही कॅनडाकडून खेळली. पुरस्काराच्या नावात यूएसए असलं तरी अट अमेरिकन नागरिकत्वाची नसून अमेरिकन कॉलेजात खेळण्याची आहे. तुमच्याकडच्या एखाद्या मुलीला इकडची शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्यासाठीही दार बंद नाही, एवढं तुमच्या मुलींना जरूर सांगा.

याउलट टेक्ससची कॅट ऑस्टरमन. 2003, 2005 आणि 2006 असा तीन वेळा हा पुरस्कार मिळवणारी ती एकटीच. मधलं 2004 तिनं कॉलेजमधून सुट्टी घेऊन अथेन्स ऑलिंपिकच्या अमेरिकन संघाला दिलं आणि सुवर्णपदक घेऊन परतली. पण टेक्ससकडून राष्ट्रीय विजेतेपद तिला कधीच मिळालं नाही. तीन वेळा देशातली सर्वोत्तम, आणि विजेतेपद एकही नाही. आपल्याकडे असं झालं तर 'मग कसली सर्वोत्तम?' म्हणणारे निघतील. मला उलट त्या निवड समितीचं कौतुक वाटतं. संघाचा निकाल आणि खेळाडूचा खेळ यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

तिसरं नाव होंडाचं. कॉलेजच्या महिला खेळाडूंसाठी 1976 पासून चालत आलेला हा पुरस्कार खेळागणिक दिला जातो. सॉफ्टबॉलला वेगळा, बास्केटबॉलला वेगळा, असे बारा खेळ. प्रशिक्षकांची समिती चौघींची नावं पुढे करते, आणि अंतिम मत देतात देशभरातल्या कॉलेजांचे क्रीडा प्रशासक. म्हणजे मतदारांत अशी असंख्य माणसं असतात ज्यांनी त्या चौघींना प्रत्यक्ष कधी खेळताना पाहिलेलं नसतं. ती मतं नाव, अभ्यास, समाजातलं काम, वर्तन अशा गोष्टींकडेही बघून पडतात. बारा खेळांच्या विजेत्यांतून मग एकीला होंडा कप मिळतो. सॉफ्टबॉलमधून हा कप पहिल्यांदा आणला तो 1993 साली यूसीएलएच्या लिसा फर्नांडेझनं. त्या हंगामात तिची फलंदाजीची सरासरी .510 होती (शंभर पाळ्यांत 51 यशस्वी फटके), आणि पिचर म्हणून दर सात इनिंगमागे तिच्यावर होणाऱ्या धावांची सरासरी 0.25. फलंदाजीत देशात पहिली तीच, पिचिंगमध्येही पहिली तीच. 2019 ला रेचल गार्सियानंही हा कप मिळवला.

आणि इथेच यादी वाचताना लोक फसतात. यूएसए सॉफ्टबॉलच्या विजेत्यांची यादी 2002 ला सुरू होते, म्हणून तिच्यात फर्नांडेझ नाही. ज्यांना फक्त ती यादी माहीत आहे त्यांना वाटतं, कॉलेज सॉफ्टबॉल ऑस्टरमनपासून सुरू झालं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची पहिली वर्ल्ड सिरीजच 1982 ची आहे, आणि त्याआधी महिलांच्या वेगळ्या संघटनेच्या स्पर्धा होत्या.

चौथा गट प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचा, एनएफसीए. ऑल-अमेरिकन संघ तेच निवडतात. आधी विभागवार यादी, मग त्यातून राष्ट्रीय पातळीवरचे तीन संघ. शिवाय पिचरला वेगळा पुरस्कार, फलंदाजी-क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूला वेगळा, पहिल्या वर्षाच्या मुलीला वेगळा, कॅचरला वेगळा, बेस चोरणारीला वेगळा. माझी कॅचरची तक्रार निदान इथे तरी दूर होते. प्रशिक्षकांना कळतं की कॅचरनं मागवलेला चेंडू, अडवलेला वाइल्ड पिच (भरकटलेला चेंडू), दुसऱ्या बेसकडे केलेला थ्रो यातलं निम्मं स्कोअरबुकात उतरतच नाही. पहिल्या वर्षाच्या पुरस्काराकडे मात्र मी बारीक लक्ष ठेवते. 2021 ला टियारे जेनिंग्ज, 2022 ला जॉर्डी बॉल, 2023 ला नायजारी कॅनडी: ही नावं पुढची काही वर्षं सगळीकडे दिसत राहिली.

याखेरीज प्रत्येक परिषदेचे म्हणजे कॉन्फरन्सचे (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचे) आपापले पुरस्कार, क्रीडा संकेतस्थळांचे आपापले, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांचे स्वतंत्र. त्यात शिरत नाही. एक मात्र सांगते. वर्ल्ड सिरीजला आलेल्या आठ संघांत ज्या मुलीचे अभ्यासातले गुण सगळ्यात जास्त, तिला एनसीएए 'एलिट 90' नावाचा पुरस्कार देते. तो कधी राखीव खेळाडूला जातो, कधी जिनं सबंध स्पर्धेत बॅट हातात घेतलेली नसते तिलाही. मला हा पुरस्कार फार आवडतो. तुमच्या संस्थाचालकांनाही आवडेल, असा माझा अंदाज आहे.

आता पिचरचा प्रश्न. यूएसए सॉफ्टबॉलचा पुरस्कार 2002 ते 2019 असा अठरा वेळा दिला गेला. त्यात पिचिंग न करणाऱ्या फक्त तिघी: न्यूव्हमन, 2011 ची स्टॅनफर्डची शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) अ‍ॅश्ली हॅन्सन आणि 2016 ची मिशिगनची सिएरा रोमेरो. रोमेरोनं कारकिर्दीत तीनशे धावा, तीनशे हिट (बेसवर पोचवणारे फटके) आणि तीनशे आरबीआय (आपल्या फलंदाजीवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) असा तिहेरी टप्पा गाठला, जो प्रथम श्रेणीत तिच्याआधी कुणी गाठला नव्हता. म्हणजे फलंदाजाला पुरस्कार हवा तर इतिहास घडवावा लागायचा. तेही दर वेळी पुरायचं नाही. ओक्लाहोमाच्या लॉरेन चेंबरलेननं 95 होमरन मारून कारकिर्दीचा विक्रम केला, पण हा पुरस्कार तिला कधी मिळाला नाही. त्या चार वर्षांत तो दोन वेळा तिच्याच संघातल्या पिचर रिकेट्सला मिळाला, मग फ्लोरिडा स्टेटच्या लेसी वॉल्ड्रॉपला, मग हेगरला. हेगर पिचर तर होतीच, पण तिनं कारकिर्दीत सत्तरहून जास्त सामने जिंकले आणि सत्तरहून जास्त होमरनही मारले. तिच्याशी भांडायला जागा नव्हती.

पिचरकडे हा कल का? सॉफ्टबॉलमध्ये पिचर 43 फुटांवरून टाकते आणि खांद्याखालून फिरवलेल्या हातावर बेसबॉलइतका ताण येत नाही अशी जुनी समजूत होती, त्यामुळे एकच मुलगी हंगामातले बहुसंख्य सामने टाकायची. एका मुलीचा हात दर दुसऱ्या निकालावर. व्हर्जिनिया टेकच्या अँजेला टिंचरनं मार्च 2008 मध्ये तर अमेरिकेच्या ऑलिंपिक संघालाच एकही हिट न देता 1-0 हरवलं. त्या सराव दौऱ्यांमधली राष्ट्रीय संघाची 185 विजयांची मालिका तिथे तुटली, आणि त्या वर्षीचा पुरस्कार टिंचरकडे गेला. एका खेळाडूच्या हातात सामना किती असू शकतो, त्याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही. गार्सियाचा 2019 चा उपांत्य सामना जवळ येतो खरा: वॉशिंग्टनविरुद्ध दहा इनिंग, 179 चेंडू, 16 स्ट्राइकआउट, एकही धाव नाही, आणि शेवटी स्वतःच तीन धावांचा होमरन मारून सामना संपवला.

2020 चा हंगाम कोविडमुळे मार्चमध्येच थांबला, पुरस्कार दिलाच गेला नाही. त्यानंतर चित्र बदललं. 2021 आणि 2022 ला जोसलिन आलो, हवाईची मुलगी, निव्वळ फलंदाज. चेंबरलेनचा 95 चा विक्रम तिनं मार्च 2022 मध्ये होनोलुलूत, म्हणजे आपल्याच घरच्या लोकांसमोर मोडला आणि कारकीर्द 122 वर संपवली. दुसऱ्या वर्षीची तिची सरासरी .515. प्रशिक्षक आता एका पिचरवर भार न टाकता दोघी-तिघींत वाटतात, त्यामुळे पिचरचे हंगामी आकडे पूर्वीसारखे फुगत नाहीत, आणि फलंदाज नजरेत भरतात. 2024 ला पुरस्कार पुन्हा पिचरला, स्टॅनफर्डच्या कॅनडीला. 2025 ला पुन्हा फलंदाजाला, आर्कान्सॉच्या पहिल्या बेसवरच्या ब्री एलिसला.

हे लक्षात आलं की तुमचं 2023 चं कोडंही सुटतं. ओक्लाहोमाकडे जॉर्डी बॉल, निकोल मे आणि अलेक्स स्टोराको अशा तीन अव्वल पिचर होत्या. दुसऱ्या कुठल्याही संघात त्यातली प्रत्येक जण पहिल्या क्रमांकाची ठरली असती. तिघींनी इनिंग वाटून घेतल्या. त्यात पाच इनिंगनंतर आठ धावांची आघाडी असेल तर सामना तिथेच थांबतो, हा नियम. ओक्लाहोमाचे कित्येक सामने असे लवकर संपले. मग फलंदाजांना चौथी पाळी मिळणार कुठून? संघ जितका जबरदस्त, तितके एकेकीचे आकडे लहान. शिवाय मतदारांपुढे प्रश्न असा की 'ओक्लाहोमा, पण त्यांच्यातली कुठली?' पिचर म्हणाल तर तीन, फलंदाज म्हणाल तर आणखी चार-पाच. मतं फुटतात.

दुसरीकडे क्लेम्सनची व्हॅलरी केगल. कॉलेजचा सॉफ्टबॉल संघच 2020 ला सुरू झालेला. ती मुख्य पिचर आणि तीच मुख्य फलंदाज. तिला काढलं तर संघात काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर मतदाराला चटकन देता येत होतं. गंमत म्हणजे सुपर रीजनलला, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत, ओक्लाहोमा विद्यापीठाच्याच नॉर्मन गावी क्लेम्सनची गाठ ओक्लाहोमाशीच पडली. ओक्लाहोमानं त्यांना घरी पाठवलं, दुसरा सामना मात्र 8-7 असा नऊ इनिंगपर्यंत लांबला. केगल वर्ल्ड सिरीजला पोचलीच नाही आणि तरी वर्षातली सर्वोत्तम ठरली. वर्ल्ड सिरीजचा पुरस्कार ओक्लाहोमाच्या जॉर्डी बॉलला गेला. माझं मत विचाराल तर केगलची निवड योग्य होती. ओक्लाहोमाच्या समर्थकांसमोर मी हे जरा हळू आवाजात म्हणते.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट, कारण याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. पुरस्कारांच्या चर्चेत सर्वाधिक फेकला जाणारा आकडा ईआरए, म्हणजे पिचरच्या स्वतःच्या जबाबदारीच्या धावा गुणिले सात, भागिले इनिंग. बेसबॉलमध्ये नऊ, आपल्याकडे सात. समजा एका मुलीनं 210 इनिंग टाकल्या आणि तिच्या नावावर 30 धावा लागल्या, तर ईआरए बरोबर 1.00. त्या 30 पैकी सहा धावा अशा असतील की शॉर्टस्टॉपच्या हातून निसटलेल्या चेंडूंना स्कोअररनं 'हिट' म्हटलं होतं. त्याच चेंडूंना 'एरर', म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, म्हटलं असतं तर जबाबदारीच्या धावा 24 आणि ईआरए 0.80. पिचर तीच, चेंडू तेच. एक अंतिम दहात येते, दुसरी पंचविसात अडकते. आणि हा निर्णय कोण घेतं? बहुतेक ठिकाणी यजमान कॉलेजनं नेमलेली व्यक्ती. आम्ही प्रामाणिकपणे काम करतो, पण आपल्याच मैदानावर, आपल्याच मुलींबद्दल निर्णय करताना हात जड होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. सामना संपल्यावर प्रशिक्षकांकडून विनंत्याही येतात: तिसऱ्या इनिंगचा तो चेंडू पुन्हा बघाल का? बघते. बहुतेक वेळा निर्णय तसाच राहतो, क्वचित बदलतो. मुरलेले मतदार म्हणूनच ईआरएसोबत स्ट्राइकआउट आणि बेस ऑन बॉल (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) बघतात, कारण तिथे स्कोअररच्या मताला वाव नाही.

तसंच, समोर कोण होतं हेही बघावं लागतं. दुबळ्या संघांविरुद्ध चार सामन्यांत सहा होमरन मारले काय, आणि एसईसी या तगड्या कॉन्फरन्समधल्या अव्वल पिचरविरुद्ध एक मारला काय, बेरजेच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्येक कॉलेजचं प्रसिद्धी खातं आपल्या खेळाडूसाठी एप्रिलपासून आकड्यांची चकचकीत पत्रकं फिरवायला लागतं, आणि त्यात सोयीचा तेवढाच आकडा असतो. ते त्यांचं कामच आहे. मतदाराचं काम गैरसोयीचा आकडा शोधण्याचं.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, पण थोडक्यात लिहिते. या पुरस्कारांबरोबर रोख रक्कम नसते. तरी जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घ्यायची मुभा मिळाली, आणि पुरस्कारांचा अप्रत्यक्ष भाव वाढला. कॅनडी 2024 ला पुरस्कार घेऊन स्टॅनफर्डहून टेक्सस टेकला गेली ती दहा लाख डॉलरहून मोठ्या कराराच्या बातमीसह. 2025 ला तिनं त्या संघाला प्रथमच वर्ल्ड सिरीजला नेलं, तेही थेट अंतिम मालिकेपर्यंत, आणि तिथे टेक्ससकडून हार झाली. जॉर्डी बॉल आपल्या राज्यात, नेब्रास्काला परतली, 2024 च्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, आणि पुढच्या वर्षी पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करत उभी राहिली. पूर्वी सर्वोत्तम खेळाडू चार वर्षं एकाच रंगात दिसायची. आता पुरस्काराच्या यादीत कॉलेजचं नाव वाचताना वर्षही वाचावं लागतं.

तुमच्या स्पर्धेपुरतं सांगायचं तर पहिली गोष्ट, पिचरला आणि इतरांना एकाच करंडकासाठी झुंजवू नका. शालेय पातळीवर चांगली पिचर असलेला संघ सहज पुढे जातो, त्यामुळे एकच करंडक ठेवलात तर दर वर्षी तो पिचरलाच जाईल आणि तुमची उत्तम शॉर्टस्टॉप दोन वर्षांनी कबड्डीकडे वळेल. दोन ठेवा. अंतिम सामन्याची खेळाडू तिसरी. बजेट नसेल तर तिसरीला प्रमाणपत्र द्या, चालेल.

मतदान कधी बंद होणार ते स्पर्धेच्या पत्रकातच छापा. माझ्या मते पहिले दोन पुरस्कार उपांत्य फेरी संपताच बंद करावेत. अंतिम सामन्यानंतर मत मागितलंत तर विजेत्या संघाच्या बाहेरची मुलगी निवडून येणं जवळजवळ अशक्य, कारण शेवटी डोळ्यांसमोर राहतो तो शेवटचा सामना. उपांत्य फेरीआधी हरलेल्या संघातली मुलगीही पात्र राहील, हेही पत्रकात स्पष्ट लिहा. केगलचं उदाहरण द्या हवं तर.

मत प्रशिक्षकांना द्या, पण स्वतःच्या संघातल्या मुलीला मत देता येणार नाही ही अट घाला. प्रत्येकानं तीन नावं क्रमानं लिहायची: पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पंचांचंही मत घ्या; ते सगळे संघ बघतात आणि त्यांचा कुणाशी स्वार्थ नसतो. स्कोअररला मत देऊ नका. तिच्या हातात आधीच पुरेशी सत्ता आहे. उद्घाटनाला आलेले पाहुणे, देणगीदार आणि संस्थेचे पदाधिकारी यांना मतदानापासून दूर कसं ठेवायचं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

फलंदाजीसाठी नुसती सरासरी बघू नका, मुलगी किती वेळा बेसवर पोचली ते बघा. शालेय सामन्यांत बेस ऑन बॉल फार असतात आणि शांत डोक्यानं चार बॉल सोडणारी मुलगी सरासरीच्या आकड्यात दिसतच नाही. किमान पाळ्यांची अट ठेवा, नाहीतर दोन पाळ्यांत दोन हिट मारून एखादी 1.000 च्या सरासरीनं पहिली यायची. तुमच्या चार-पाच सामन्यांच्या स्पर्धेत आठ पाळ्या पुरेत. आणि सामना संपला की दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची स्कोअरशीटवर सही घेऊन लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हिट की एरर हा वाद चौथ्या दिवशी निघतो, तोवर कागदावर चहा सांडलेला असतो.

करंडकावर नाव कोरण्याचं काम मात्र बक्षीस समारंभानंतरच सोनाराकडे द्या. आधी दिलंत, तर निकाल मतमोजणीच्या आधी गावभर झालेला असेल.